पाचव्या रकान्यातले वडील

त्या शहरात कुकर दुरुस्त करणारे एक गृहस्थ वारले. घटना दुःखद असली तरी नियमबाह्य नव्हती, आणि तिची नोंद व्हायला अडचण येईल असं वाटण्याचं काही कारण नव्हतं. गृहस्थांनी जन्मभर कुणाला अडचणीत आणलं नव्हतं. कुकरचा कान तुटला, रबर सैल पडलं, शिट्टी बसली, की लोक बाजारातल्या त्यांच्या गाळ्यात जात आणि ते मान खाली घालून काम करून देत. मृत्यूसुद्धा त्यांनी रविवारी, गाळा बंद असताना, उरकून घेतला होता.

सोमवारी गाळे विभागाचे निरीक्षक आले आणि शटरला सील लावून गेले. गाळेधारक वारला की गाळा सील करायचा, आणि मृत्यूची नोंद दाखवली की सील काढून घरच्यांना सामान न्यायला द्यायचं, असा नियम होता. सील लावायला ऐकीव मृत्यू चालतो. काढायला नोंदलेला लागतो.

गाळ्यात नेण्यासारखं फारसं काही नव्हतंच. घरच्यांना हवी होती ती एकच वस्तू: शिट्टी. शनिवारी सकाळी वडिलांनी घरच्याच कुकरची शिट्टी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली होती. ती हल्ली नीट वाजत नाही, फुसफुसते, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून घरातला कुकर मुका होता आणि आई पातेल्यावर ताटली ठेवून स्वयंपाक करत होती. ज्याला ज्याला हे कळलं त्याने त्याने नवी शिट्टी घ्या, असा सल्ला दिला. सल्ला बिनचूक होता, म्हणून मुलीने कुणाशी वाद घातला नाही. ती शहरातल्या वाचनालयात ग्रंथपाल होती आणि बिनचूक सल्ल्यांची अनेक पुस्तकं तिने स्वतःच्या हाताने कपाटात लावलेली होती. पण त्या घरात शिट्ट्या मोजण्याचं खातं वडिलांकडे होतं. आई आतून विचारायची, किती झाल्या, आणि ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता आकडा सांगायचे. दोघांचा अबोला असला तरी आकडा मिळायचा. काही अबोले तर त्या आकड्यावरच सुटले होते. तेव्हा शिट्टी हवी होती ती तीच.

मुलगी नोंदणी कार्यालयात गेली.

इथे कार्यालयात नुकत्याच झालेल्या सुधारणेबद्दल सांगणं भाग आहे. पूर्वी तिथल्या संगणकात प्रत्येक नागरिक एकाच चौकोनात राहत असे. नाव, पत्ता, व्यवसाय आणि स्थिती ही सगळी माहिती स्वल्पविराम देऊन एका दमात लिहिलेली असे. स्थिती म्हणजे हयात किंवा मृत. तिसरा पर्याय कुणी मागितला नव्हता. अख्खा माणूस असा एका चौकोनात कोंबलेला असला तरी खिडकीवरच्या बाई तो वाचत, माणसं ओळखत आणि कामं होत. पण हे मागासलेपणाचं लक्षण आहे हे वरिष्ठांच्या ध्यानात आलं. त्यांनी एका साहेबांना प्रशिक्षणाला पाठवलं आणि साहेब एक सूत्र घेऊन परतले.

सूत्र असं होतं. नागरिकात डावीकडून पहिला स्वल्पविराम शोधायचा आणि त्याच्या आधीचं सगळं पहिल्या रकान्यात टाकायचं. पहिल्या आणि दुसऱ्या स्वल्पविरामाच्या मधलं दुसऱ्यात, त्यापुढचं तिसऱ्यात, त्याच्याही पुढचं चौथ्यात. रकाने चारच, कारण उभ्या कागदावर चारच मावत. हे सूत्र इतकं लांब होतं की ते वाचायला पडदा सरकवत न्यावा लागे आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होई. साहेबांनी ते छापून, चौकट करून आपल्या खुर्चीमागे टांगलं होतं. लोक त्यांना सूत्रसाहेब म्हणू लागले. तोंडावरही म्हणू लागले, कारण साहेबांनी ती पदवी समजून स्वीकारली होती.

खिडकीवरच्या बाईंनी वडिलांचं नाव टाकलं, चष्मा वर केला, खाली केला आणि मुलीला सांगितलं की नोंद सापडली आहे, मृत्यूची माहिती रुग्णालयाकडून वेळेवर आलेली आहे, पण वडील वारलेले नाहीत.

"मग काय झालंय?" मुलीने विचारलं.

"कुकर दुरुस्ती," बाई म्हणाल्या. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला.

पडद्यावर वडिलांचे चार तुकडे ओळीने मांडले होते. नावात नाव होतं. पत्ता होता, टोकाची गल्ली. व्यवसाय होता, पाण्याच्या टाकीखाली. आणि स्थिती होती, कुकर दुरुस्ती. वडिलांनी आयुष्यभर आपला पत्ता 'टोकाची गल्ली, पाण्याच्या टाकीखाली' असा लिहिला होता. गल्ली आणि टाकी यांच्यामध्ये क्षणभर थांबायची त्यांना सवय होती. त्या थांबण्यामुळे पुढचं सगळं एकेक घर सरकलं होतं आणि शेवटचा शब्द कागदाच्या बाहेर पडला होता.

"मृत कुठे गेलं?"

"पाचव्या रकान्यात."

"तो दाखवा."

"तो नाहीये," बाई म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की तुम्ही एकट्या नाही, मनाला लावून घेऊ नका. बेकरीवाल्यांनी व्यवसायात 'पाव, बिस्किटं' लिहिलं होतं. त्यांची स्थिती बिस्किटं आली आहे. रुग्णालयातल्या एका परिचारिकेची रात्रपाळी आली आहे आणि ती म्हणते, असू दे. खुद्द वरिष्ठ साहेबांच्या पत्त्यात 'बंगला, बागेसमोर' असल्याने त्यांची स्थिती 'वरिष्ठ अधिकारी' अशी आली, ती त्यांना इतकी पटली की त्यांनी सूत्राला प्रशस्तिपत्रक दिलं.

मुलीने तो स्वल्पविराम तेवढा पुसून टाकायला सांगितलं. बाईंनी दचकून मागे पाहिलं. मूळ माहितीला हात लावता येत नाही, त्या म्हणाल्या, कारण ती मूळ आहे. आणि सूत्राला हात लावता येत नाही, कारण ते चौकटीत आहे. शिवाय आणखी एक अडचण होती. नोंदीबद्दल तक्रार करणारी व्यक्ती हयात असावी लागते. बाईंनी मुलीची नोंद काढली. मुलगी त्याच टाकीखाली राहत होती.

"तुमची स्थिती ग्रंथपाल आहे," बाई म्हणाल्या. "आईंची गृहिणी. तुमच्या घरात चुकीला सातत्य आहे, हे एक बरं आहे."

घरी येऊन तिने हे आईला सांगितलं. आई लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाली की तिच्यापुरतं तरी सरकारने बरोबर लिहिलं आहे. लग्न झाल्यापासून आपली स्थिती हीच आहे, आणि हयात वगैरे त्यानंतर कधी वेळ मिळाला तर. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि ह्यांचं काय लिहिलंय म्हणालीस?"

"स्थिती कुकर दुरुस्ती."

"अजून?" आई म्हणाली आणि उठून लसणाची सालं टाकायला गेली. ती बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी थेट सूत्रसाहेबांसमोर जाऊन बसली. साहेब सज्जन होते. त्यांनी तिला पाणी दिलं, तिच्या दुःखात कार्यालय सहभागी असल्याचं सांगितलं आणि मग चौकटीकडे खुर्ची वळवून सूत्र पहिल्यापासून समजावलं. मुलीने ते नीट ऐकलं. एवढी लांब वाक्यं वाचायची तिला सवय होती. शेवटी ती म्हणाली की सूत्र डावीकडून मोजतं म्हणून घोटाळा होतो. पत्ता कितीही लांबला तरी स्थिती नेहमी शेवटीच असते, तेव्हा ती तेवढी उजवीकडून मोजावी.

साहेबांनी डोळे मिटले. मग ते म्हणाले, "उजवीकडून मोजायचं म्हणजे आम्ही नागरिकाकडे पाठीमागून बघायचं. बरं दिसेल का ते?"

पण बाईमाणूस आपल्या दारातून रिकाम्या हाताने जावं हेही त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी मोठ्या मनाने ठरवलं की पाचवा रकाना निर्माण करायचा. त्यासाठी कागद आडवा करायला वरून मंजुरी लागली आणि ती आली. पाचव्या रकान्याला 'शेरा' असं नाव देण्यात आलं. फीत कापून त्याचं उद्घाटन झालं, आणि पहिल्याच आडव्या कागदावर वडिलांच्या नावापुढे, अगदी उजव्या कडेला, 'मृत' हा शब्द स्वच्छ उमटला. मुलीला तो कागद साहेबांनी स्वतः दाखवला. आपल्या वडिलांच्या नावापुढे तो शब्द पाहून तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"तर मग सील काढायला सांगू?" तिने विचारलं.

साहेबांचा चेहरा पडला. नियमात स्थिती पाहावी असं म्हटलं आहे, ते म्हणाले. शेऱ्यात आपले वडील वारलेले आहेत हे कार्यालयाला मनापासून मान्य आहे. पण शेरा हा शेवटी शेरा असतो.

दरम्यान पाचव्या रकान्याने आपलं काम सुरू केलं होतं. शहरातल्या बहुसंख्य साध्या, सरळ, चार तुकड्यांच्या माणसांकडे त्यात घालायला काहीच नव्हतं. सूत्र चौथा स्वल्पविराम शोधू लागलं, तो मिळेना, आणि त्यांच्या नावापुढे 'चूक' असं येऊ लागलं. त्या सर्वांना सूचनापत्रं गेली: आपण अपूर्ण आहात, तरी त्वरित संपर्क साधावा. अनेक घरांत बायकांनी ते पत्र वाचून नवऱ्याच्या हातात दिलं आणि हे आपण कधीपासून सांगत होतो याची आठवण करून दिली.

लोक स्वल्पविराम मिळवायच्या मागे लागले. कुणी पत्त्यात 'दाराला नवा रंग' जोडलं, कुणी व्यवसायात 'शिवाय थोडी शेअर दलाली'. बघता बघता ते प्रतिष्ठेचं झालं. घरांच्या जाहिरातीत 'तीन स्वल्पविरामांचा पत्ता' असं ठळक छापून येऊ लागलं आणि भाडी वाढली. ज्यांच्या पत्त्यात स्वल्पविराम जन्मजात होता ते जुन्या घराण्यातले समजले जाऊ लागले. बेकरीवाले काका मुलीला रस्त्यात थांबवून अभिमानाने म्हणाले की हौस म्हणून त्यांनी टोस्टही जोडले आणि आता ते टोस्ट आहेत की बिस्किटं हे बघायला खिडकीवर रांग लावावी लागते.

वरिष्ठ कार्यालयाने अहवाल मागवला आणि त्यात इतक्या चुका पाहून चुका शून्यावर आणण्याचा आदेश दिला. सूत्रसाहेबांनी एक रविवार खर्ची घालून जुन्या सूत्राला बाहेरून आणखी एक सूत्र गुंडाळलं. ते असं: ओळीत कुठेही चूक आली तर ती अख्खी ओळ कोरी दाखवावी. सोमवारी चुका शून्य झाल्या. शहराची लोकसंख्याही बरीच कमी झाली, आणि तेही एक यश म्हणून अहवालात नोंदवण्यात आलं.

मुलीने तरी हेलपाटे घालणं सोडलं नाही. एका दुपारी खिडकीवर कुणी नसताना बाईंनी तिला जवळ बोलावलं. नोंद बदलता येत नसली तरी नवा अर्ज देता येतो, त्या म्हणाल्या, आणि नवा अर्ज आला की जुनी नोंद आपोआप मागे पडते. फक्त अर्जही त्याच सूत्रातून जातो.

"एकही स्वल्पविराम घालू नका," बाईंनी बजावलं. "लोक 'महोदय' लिहितात आणि पुढे सवयीने स्वल्पविराम देतात. या महिन्यात अर्ज केलेल्या सगळ्यांचं नाव आता महोदय आहे."

मुलगी खिडकीशेजारच्या बाकावर बसली. वडील गेल्यापासून ती कुणाशी त्याबद्दल चार वाक्यं बोलली नव्हती. भेटायला येणाऱ्यांना चहा देताना, वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारताना, तिने सगळं नीट तुकडे करून ज्या त्या जागी ठेवलं होतं. आता तुकडे करायला बंदी होती. तिने लिहिलं:

'माझे वडील टोकाच्या गल्लीत पाण्याच्या टाकीखाली राहत होते आणि बाजारातल्या गाळ्यात कुकर दुरुस्त करत होते आणि आता ते नाहीत आणि ते नाहीत हे गाळे विभागाला माहीत आहे कारण त्यांनी दुसऱ्याच दिवशी सील लावलं आणि बेकरीवाल्या काकांना माहीत आहे कारण त्यांनी त्या दिवशी भट्टी पेटवली नाही आणि आईला माहीत आहे कारण ती अजून दोन कप चहा टाकते आणि दुसराही स्वतःच पिते आणि मला माहीत आहे कारण मी रोज घरी पोचल्यावर बाहेरच्या खोलीतला दिवा आधी लावते म्हणजे खुर्ची अंधारात दिसायला नको तरी गाळ्यात आमच्या कुकरची शिट्टी आहे ती मिळावी ही विनंती'

बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला. "श्वास कुठे घ्यायचा यात?" त्यांनी विचारलं.

"नाही घ्यायचा."

बाईंनी पुन्हा एकदा वाचला, या वेळी बसून. मग चष्मा पुसत त्या म्हणाल्या की चांगला झालाय, नावाच्या रकान्यात मावेल.

तो मावला. सूत्राने पहिला स्वल्पविराम शोधला, सापडला नाही. दुसरा शोधला, तोही नाही. चूक झाली. चूक होताच बाहेरच्या सूत्राने ओळ कोरी केली. संध्याकाळी बाईंनी वाचनालयात फोन करून हळूच सांगितलं, "ताई, वडील कोरे झाले. आता उद्या गाळ्यावर जा."

त्या असं का म्हणाल्या हे सकाळी कळलं. ज्या गाळ्याचा धारक कोरा, तो गाळा नियमाने रिकामा ठरतो; आणि रिकामा गाळा बंद ठेवणं हा महसुलाचा अपव्यय असल्याने तो इच्छुकांना पाहण्यासाठी त्वरित उघडावा लागतो. निरीक्षक सील तोडून शटर वर करून उभेच होते. मुलीने, आपण इच्छुक आहोत, असं सांगितलं. निरीक्षकांनी या म्हटलं आणि गाळा कसा हवेशीर आहे याची माहिती देत तिला आत नेलं.

आत खिळ्यांना कुकर टांगलेले होते. प्रत्येकाच्या कानाला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला, आणि पुठ्ठ्यावर वडिलांचं अक्षर. 'रबर, कान सैल, घाई नाही.' 'तळ काळा, वाद घालतात, दोनदा तपासणे.' वडील कुकरच्या बाबतीतही असेच थांबत थांबत लिहीत. कोपऱ्यातल्या डब्यात शिट्ट्या होत्या. त्यातल्या एकीला पुठ्ठ्याचा बोटभर तुकडा होता.

'घरची, झाली, न्यायची आहे.'

मुलगी त्या रिकाम्या गाळ्यात थोडा वेळ उभी राहिली. मग तिने शिट्टी मुठीत घेतली आणि बाहेर पडली. निरीक्षकांनी तिला अडवलं. गाळ्यातून काही नेता येणार नाही, ते म्हणाले. पण बोलता बोलताच ते विचारात पडले, त्यांनी हातातला कागद पाहिला, मग कुकरांनी भरलेल्या भिंती पाहिल्या, मग पुन्हा कागद पाहिला.

"गाळा रिकामा आहे ना?" मुलीने विचारलं.

"संपूर्ण."

"मग त्यात काही आहे का नेण्यासारखं?"

निरीक्षकांनी तिच्या मुठीकडे पाहिलं. त्यांच्याही घरी कुकर असावा. "नाही," ते म्हणाले. "जे नाही ते तुम्ही नेताय. त्याला पावती नसते."

त्या रात्री आईने कुकर लावला. शिट्टी बसवताना तिने ती एकदा पदराला पुसली. बाहेरच्या खोलीत मुलगी वर्तमानपत्र उघडून खुर्चीत बसली. पहिली शिट्टी अगदी खणखणीत झाली, जराही न फुसफुसता. आतून सवयीने आवाज आला, "किती झाल्या?" आणि मग एकदम सगळं शांत झालं. भांड्याचाही आवाज नाही.

"एक," मुलगी म्हणाली. तिने वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही.

वडील अजूनही वारलेले नाहीत. ते कोरे आहेत. त्यांच्या गाळ्यात इच्छुक येऊन जातात आणि भिंतींवरचे कुकर कुणाला दिसत नाहीत, कारण ते नोंदीत नाहीत. आईची स्थिती गृहिणी आहे, मुलीची ग्रंथपाल. काम नीट चालू आहे तोवर यापुढचा रकाना पाहायची कुणाला गरज वाटलेली नाही.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. हे दुसऱ्या कुठल्यातरी शहराचं आहे. पण सहज म्हणून आपला पत्ता एकदा मनात म्हणून पाहावा. मध्ये कुठेतरी आपण थांबतोच. तेव्हा आपल्याही नावापुढे, जिथे स्थिती लिहितात तिथे, बहुधा आपण करतो ते काम लिहिलेलं असेल, आणि आपल्याला ते वाचून इतक्या वर्षांत काही खटकलेलं नसेल. आपण हयात आहोत की नाही हे त्याच्या पुढच्या रकान्यात आहे. आपल्याकडे कागद अजून उभाच छापला जातो.